ठरावानंतरचे काम

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी लागू आहे, आणि तरीही त्या जिल्ह्यात व्यसनप्रतिबंधाचे काम करणाऱ्यांना दारू गावोगाव भेटते. परवान्याची दुकाने बंद झाली की बंदीच्या आदेशाचे काम एका अर्थाने पुरे होते. परंतु मोहफुलांपासून गाळली जाणारी दारू, जिल्ह्याच्या व राज्याच्या सीमा ओलांडून चोरवाटेने येणारी बाटली आणि पानटपरीवर घोटला जाणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा यांनी परवान्याची वाट कधी पाहिलीच नव्हती. अशा ठिकाणी प्रतिबंध म्हणजे, व्यसन जडण्याआधी किंवा जडलेच असेल तर त्याने आणखी नासाडी करण्याआधी, नशेच्या वस्तूची उपलब्धता, ती वापरण्याची रीत आणि वापरणाऱ्याच्या शरीराला लागलेली तिची गरज या तिन्हींवर एकाच वेळी करायचे काम. गावाची संमती, विक्रीची बंदी आणि व्यसनी माणसाचा उपचार ही या कामाची तीन अंगे मानली जातात. मात्र तिन्ही करणे पुरेसे नसते, त्यांची गती जुळवावी लागते, आणि कार्यकर्त्याचे कौशल्य बहुतांशी या जुळवणीतच खर्ची पडते, हे या क्षेत्रातल्या दीर्घ अनुभवाचे सार आहे.

या कामाला जिल्ह्यात मोठी पूर्वपीठिका आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेमार्फत जिल्ह्यात आरोग्याचे काम सुरू केले, तेव्हा गावकऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, आपल्या दुखण्यांच्या यादीत दारूला वरचे स्थान दिले. त्यातून उभ्या राहिलेल्या दारूमुक्तीच्या चळवळीत ग्रामसभा, महिला मंडळे, युवक आणि सामाजिक कार्यकर्ते एकत्र आले व १९९३ मध्ये शासनाने जिल्हा दारूबंदी लागू केली. पुढे २०१६ पासून राज्य शासन, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ हे अभियान जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांत सुरू झाले, आणि दारूबरोबर तंबाखूचाही प्रश्न त्यात जाणीवपूर्वक घेण्यात आला. या प्रवासात वेतन घेऊन पूर्ण वेळ हे काम करणारा एक वर्ग तयार झाला. तालुका संघटक, प्रेरक, समुपदेशक, उपचारासाठी येणारे डॉक्टर व परिचारिका हे सगळे त्यात मोडतात. आणि त्यांच्या कामाचे स्वरूप आंदोलनातल्या स्वयंसेवकाच्या कामापेक्षा बरेच वेगळे असते, कारण स्वयंसेवकाला लढ्याचा दिवस सांभाळायचा असतो, तर यांना लढा संपल्यानंतरचे महिने सांभाळावे लागतात.

गावाची संमती हे पहिले अंग. पंचायतींचा कायदा अनुसूचित क्षेत्रांना लागू करण्यासाठी संसदेने १९९६ मध्ये केलेल्या आणि ‘पेसा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने मादक द्रव्यांच्या विक्रीवर व सेवनावर नियंत्रण ठेवण्याचा किंवा बंदी घालण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायत यांच्या कक्षेत आणला. महाराष्ट्राच्या इतर भागांत परवान्याचे दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेतले जाते आणि ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’ अशा चिन्हांतून निकाल लागतो. गडचिरोलीत परवान्याचे दुकानच नसल्याने निर्णय ग्रामसभेच्या ठरावातून होतो. हा फरक केवळ पद्धतीचा नाही. मतदानात अर्ध्याहून एक मत अधिक पडले की विषय संपतो, हरलेल्यांची समजूत काढण्याची जबाबदारी कोणावरही राहत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव सर्वसहमतीने निर्णय घेण्याच्या परिपाठासाठी ओळखले जाते. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. या परिपाठात एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढच्या बैठकीवर जाते. बाहेरून आलेल्या, अहवालाच्या तारखा डोळ्यांपुढे असलेल्या कार्यकर्त्याला ही पद्धत फार संथ वाटते. परंतु चार बैठका लांबलेला ठराव चार महिने टिकतो आणि एका बैठकीत घाईने झालेला ठराव पुढच्या सणापर्यंतही तग धरत नाही, असा अनुभव आल्यानंतर त्या संथपणाचे मोल त्याला कळू लागते.

ही बैठक प्रत्यक्षात कशी चालते, हे पाहण्यासारखे असते. दिवसा शेतावर, जंगलात किंवा रोजगार हमीच्या कामावर गेलेली माणसे जेवणानंतर जमतात. पुरुष समाजमंदिराच्या ओट्यावर, बायका खाली जमिनीवर, आणि दारू विकणारे बहुधा उजेडाच्या कडेला, ऐकू येईल इतक्या अंतरावर. बोलायला सुरुवात होते ती कर्ज, भांडण, शाळा सोडलेला मुलगा अशा आडवळणाने. दारूचे नाव बराच वेळ कोणी घेत नाही. सराईत कार्यकर्ता या अवधीत स्वतः बोलणे टाळतो, कारण त्याने विषय काढला की तो त्याचा विषय होतो, गावाचा राहत नाही. एखादी बाई उठून घरात किती रुपये येतात आणि त्यातले किती कुठे जातात याचा हिशेब मांडते, तेव्हा बैठकीला दिशा मिळते. अशा वेळी आकडे, आजारांची नावे, कायद्याची कलमे यांची जोड देणे हे व्यावसायिकाचे काम, तर निर्णयाचे शब्द उच्चारणे हे गावाचे. ही वाटणी बिघडली तर ठराव वहीत राहतो आणि विक्री चालू राहते.

विक्री बंद करणे हे दुसरे अंग, आणि बाहेरच्या माणसाला सर्वांत सोपे वाटणारे. मोहाची दारू गाळण्यासाठी वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली जातात. त्या आंबलेल्या द्रवाला सडवा म्हणतात. विक्रीसाठी सडवा घरात ठेवणे धोक्याचे असल्याने तो प्लास्टिकच्या ड्रमांत भरून नाल्याच्या काठी जमिनीत पुरला जातो व वर पालापाचोळा पसरला जातो. शोध घेणाऱ्या गाव संघटनेच्या बायकांना ड्रम दिसत नाही, आधी वास येतो. मग काठीने पाला बाजूला करत एकेक झाकण सापडते आणि सडवा तिथेच जमिनीवर ओतला जातो. अभियानाच्या भाषेत याला अहिंसक कृती म्हणतात. तिचा परिणाम मोठा असतो, कारण ज्या दारूपुढे वर्षानुवर्षे हतबलता वाटली ती आपल्या हातांनी मातीत जिरवता येते याचा प्रत्यय सगळ्या गावाला एकाच वेळी येतो. तथापि अनुभवी संघटक या उत्साहाच्या भरात दोन गोष्टी सोडत नाही. पोलीस पाटलाला आणि ठाण्याला आधी कळवणे ही एक, जेणेकरून पुढे नुकसानीची उलटी तक्रार झाल्यास बायका एकट्या पडू नयेत. आणि ड्रम कोणाचा होता हे त्या जागी जाहीरपणे न विचारणे ही दुसरी.

दुसऱ्या दक्षतेमागचे कारण विक्रेत्याच्या ओळखीत दडलेले आहे. सीमेपलीकडून पेट्या आणणारा, वाहन व वशिला बाळगणारा पुरवठादार हा एक प्रकार. त्याच्यासाठी दारूबंदी कायदा व पोलीस हाच मार्ग असतो, आणि गावाने त्याच्याशी एकट्याने झुंजावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरते. दुसरा प्रकार गावातलाच, अनेकदा विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली बाई, जिला जमीन नाही, मजुरी बारमाही नाही, आणि चैत्रात वेचलेली मोहफुले हीच जिची वर्षाची पुंजी आहे. बंदी मागणारी बाई आणि दारू विकणारी बाई एकाच गरिबीच्या दोन टोकांना उभ्या असतात, बहुधा एकमेकींच्या नात्यातही असतात. दोघींना एकाच मापाने मोजणारा कार्यकर्ता गावात फूट पाडून जातो. म्हणून अनेक ठिकाणी ठरावाआधी विक्रेत्यांशी स्वतंत्र बोलणी होतात, असलेला साठा संपवण्यासाठी नव्हे तर दुसऱ्या कमाईचा विचार करण्यासाठी मुदत दिली जाते, बचत गटाचे कर्ज, निराधार योजनेचा अर्ज, वनोपजाचा रास्त भाव यांसाठी संघटक धावपळ करतो. व्यसनप्रतिबंधाच्या पाठ्यक्रमात या कामाला फारशी जागा नसते. प्रत्यक्षात मात्र संघटकाच्या आठवड्यातला मोठा वाटा तहसील, पंचायत समिती आणि बँक यांच्या पायऱ्यांवर जातो.

मोहाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. गोंड व माडिया समाजांत मोहाचे झाड पूज्य आहे, आणि देवकार्यात, जन्म-मृत्यूच्या विधींत मोहाच्या दारूला स्थान आहे. याच ‘पेसा’ कायद्याने ग्रामसभेला समाजाच्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचेही काम दिले असल्याने, नशाबंदी आणि परंपरा यांच्यामधली रेषा कोणी आखायची हा प्रश्न उभा राहतो. ती रेषा बाहेरच्या माणसाने आखू नये, असा या क्षेत्रातला आता बराचसा स्थिर झालेला शिरस्ता आहे. अनेक ग्रामसभांनी स्वतःहून देवाच्या नावाने वापरायची थेंबभर दारू आणि विकण्यासाठी गाळलेली ड्रमभर दारू यांत भेद केला. विधीसाठी किती, कोणी आणि कधी गाळायची याचे नियम केले. पुजारी आणि गावातले जुने जाणते यांच्याशी हा विषय बोलताना असे दिसते की रोज पिण्याला परंपरेचा आधार त्यांच्यापैकी कोणी सहसा देत नाही. तो आधार पुढे करतात ती बहुधा बाजारासाठी गाळणारी माणसे.

तिसरे अंग उपचाराचे, आणि गतीचा प्रश्न इथे जीवनमरणाचा होतो. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी थांबली की त्याच्या मज्जासंस्थेत प्रतिक्रिया उमटते. काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होऊन नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, ताप चढतो, आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावूही शकतो. या लक्षणसमूहाला विरहलक्षणे म्हणतात. गावात दारू सुटली म्हणून माणूस मेला असे जे बोलले जाते, त्याला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणारा कार्यकर्ता तोंडघशी पडतो, कारण त्या बोलण्यात तथ्य असते. अपुरे असते ते इतकेच की सोडणे घातक नाही, देखरेखीविना अचानक सोडणे घातक आहे. बेंझोडायझेपिन गटातली औषधे उतरत्या मात्रेत देऊन आणि थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, पुरवून हा काळ बहुतेकांना सुखरूप पार करता येतो. यातून कामाचा एक व्यावहारिक नियम निघतो: सडवा ओतण्याचा दिवस ठरण्याआधी गावातल्या रोज पिणाऱ्यांची यादी झालेली असावी, आणि त्या आठवड्यात गावात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात उपचाराची सोय असावी. बंदी उपचाराच्या पुढे धावली तर पहिल्या झटक्याच्या रुग्णाबरोबर सगळे गाव बंदीच्या विरोधात जाते, आणि मागचे पाढे पंचावन्न.

ही यादी करणे म्हणजे नुसती नावे लिहिणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी मद्यपानाची जोखीम मोजण्यासाठी जगभर वापरली जाते. तिच्यातला पिण्याच्या प्रमाणाचा प्रश्न ठरावीक मापाच्या पेल्यावर आधारलेला आहे. मोहाची दारू पन्नीत, जुन्या बाटलीत, स्टीलच्या गिलासात मिळते आणि तिची तीव्रता प्रत्येक भट्टीगणिक बदलते, त्यामुळे हा प्रश्न जसाच्या तसा विचारला की उत्तर मिळते, पण अर्थ हाती लागत नाही. म्हणून समुपदेशक रोज किती रुपयांची घेता, पहिला घोट किती वाजता लागतो, न मिळाल्यास हात कापतात का, असे विचारतात. सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागणे हे अवलंबित्वाचे, म्हणजे शरीरच दारूवर टेकून चालत असल्याचे, ठळक चिन्ह असते. आणि ते माणूस सहज सांगतो, कारण त्यात त्याला कबुली दिल्यासारखे वाटत नाही. घरातल्या बाईला स्वतंत्र विचारले तर आकडा वाढतो, पण दोघांना समोरासमोर बसवून पडताळणी केली तर त्या रात्री तिलाच मार बसण्याची शक्यता असते. ही गोष्ट नव्या समुपदेशकाला पहिल्याच आठवड्यात शिकवली जाते.

उपचाराची गरज आणि सोय यांतले अंतर देशभर मोठे आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळालेला असतो. डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने निवासी उपचार आणि बरे झालेल्या रुग्णांनाच समुपदेशक म्हणून घडवणे यांचा वस्तुपाठ महाराष्ट्राला दिला. मात्र गडचिरोलीतल्या भामरागडच्या किंवा एटापल्लीच्या शेतमजुराला महिनाभर काम सोडून दूर शहरात राहणे परवडत नाही. उपचार गावाकडे न्यायचे तर ते देणारी माणसे स्थानिक असावी लागतात. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने घेतलेल्या आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण व देखरेख लाभलेल्या समुपदेशकांनी मोजक्या भेटींत दिलेल्या सल्ल्याचा हानिकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांना उपयोग झाला. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचे प्रमाण त्यांच्या गटात ३६ टक्के, तर नेहमीच्या उपचाराच्या गटात २६ टक्के होते. गावपातळीवरच्या शिबिरात भाषा जाणणारा, घर माहीत असलेला प्रेरक डॉक्टराच्या शेजारी का बसवला जातो, याचे उत्तर या दहा टक्क्यांत सापडते. तीव्र अवलंबित्वाच्या रुग्णाला मात्र एवढे पुरत नाही, त्याला डॉक्टरच लागतो. ही मर्यादा ओळखून वेळेवर पुढे पाठवणे हाही स्थानिक समुपदेशकाच्या प्रशिक्षणाचा भाग असतो.

दारूच्या तुलनेत खर्ऱ्याचे काम शांत आणि म्हणूनच अवघड आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून प्लास्टिकच्या तुकड्यात घोटघोटून केलेला खर्रा पूर्व विदर्भात पाहुणचाराचा भाग झाला आहे. खर्ऱ्यावरून मारहाण होत नाही, घर मोडत नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बायकांचा मोर्चा निघत नाही, उलट पुष्कळ बायका तो स्वतःही खातात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे; परंतु २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित, म्हणजे चघळण्याचा वा दाताला लावण्याचा, तंबाखू वापरत होते. इथे कार्यकर्त्याच्या मदतीला येते ती साधी तपासणी. शाळेच्या ओसरीवर मुलांना रांगेत बसवून तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितले जाते. बहुतेकांची सहज जातात, आणि एखाद्याची दोनच जातात. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासे होण्याचा हा आजार कर्करोगाच्या वाटेवरचा मानला जातो. मूल हसत असते, पण मागे उभ्या असलेल्या शिक्षकाचा हात नकळत स्वतःच्या जबड्याकडे जातो, आणि पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीत टपरीचा विषय निघण्याची शक्यता त्या क्षणी तयार होते.

या सगळ्या कामाचे मोजमाप हा त्यातला सर्वांत दुबळा भाग आहे. कार्यक्रमांना पैसा आणि माणसे मिळतात ती बहुधा ठरावाच्या आधी. सभा, मोर्चे, ओतलेला सडवा, झालेले ठराव हे मोजायला सोपे आणि छायाचित्रात येणारे असते. घसरण मात्र नंतर होते, आणि तिचेही वेळापत्रक असते. धानाची कापणी होऊन हाती रोकड येते तेव्हा, लग्नसराईत, निवडणुकीत उमेदवार पेट्या उतरवतात तेव्हा, आणि मुख्य म्हणजे नव्या मोहाचा हंगाम येतो तेव्हा बंद झालेली भट्टी पुन्हा पेटण्याचा संभव असतो. या काळात गाव संघटनेची बैठक होत राहिली, उपचार घेतलेल्यांना कार्यकर्ते ठरलेल्या वारी भेटत राहिले, आणि पहिला नियमभंग करणाऱ्यावर ग्रामसभेने ठरल्याप्रमाणे कारवाई केली, तर बंदी सवयीत उतरते. एखादा रुग्ण पुन्हा प्यायला लागला तर ते अपयश नसून आजाराचाच भाग असतो, हे सूत्र उपचारशास्त्रात रुळलेले आहे. गावाच्या बाबतीत मात्र तेच सूत्र लावायला यंत्रणा तयार नसते, आणि पुन्हा विक्री सुरू झालेले गाव यादीतून निमूटपणे गळून पडते.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठवण्याचा निर्णय झाला. अवैध विक्री वाढल्याचे कारण एका बाजूने दिले गेले, तर दुसऱ्या बाजूने अंमलबजावणीच झाली नसल्याचे. वादाचा बराचसा भर महसूल, गुन्हे आणि परवाने यांवर राहिला. त्या सहा वर्षांत किती रोज पिणाऱ्यांना उपचार मिळाले, किती विक्रेत्या बायकांना दुसरी कमाई मिळाली आणि किती ग्रामसभांनी निर्णय आपला मानला, हे प्रश्न मध्यवर्ती झाले असते तर बंदी यशस्वी की अयशस्वी यापेक्षा अधिक उपयोगी काही हाती लागले असते. एकट्या कायद्यावर सोडलेल्या कामाचा न्याय शेवटी एकट्या कायद्याच्या मापानेच होतो. म्हणून प्रतिबंधाचे काम नेमके कुठवर आले हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने वर्षात किती गावांनी ठराव केले हा आकडा विचारून थांबू नये. ठरावानंतरचा दुसरा मोहाचा हंगाम उलटून गेल्यावर किती गावांत विक्री बंदच होती, आणि तोवर तिथे जाणारा कार्यकर्ता कार्यक्रमाच्या पगारपत्रकावर शिल्लक होता का, हे दोन प्रश्न सोबत विचारावेत.